टेन्शन आणि मुरुमं : वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

परीक्षा, नोकरी, लग्न अशा धावपळीच्या काळात मुरुमं वाढल्याची तक्रार करणारी पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी नीटसाठी रिपीट करतेय, लातूरला होस्टेलवर राहते. मोठ्या टेस्टच्या आठवड्यात गालांवर आणि हनुवटीवर लाल, दुखरी मुरुमं येतात. आई म्हणते, टेन्शन घेऊ नकोस, आपोआप जातील. टेन्शनने खरंच मुरुमं येतात का? मे महिन्यात परीक्षा आहे, तोवर काय करू?

उत्तर : येतात म्हणण्यापेक्षा चिघळतात म्हणू या. मुरुमाची सुरुवात त्वचेच्या छिद्रात होते. मृत पेशी आणि तेल मिळून छिद्राचं तोंड बुजतं आणि आत डोळ्यांना न दिसणारी बारीक गुठळी तयार होते. तिचं दिसणारं मुरुम व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे टेस्टच्या आठवड्यात जे वर आलं, त्याची तयारी दीड-दोन महिन्यांपूर्वीच झाली होती. ताणाने त्याला फक्त आग लावली.

ती कशी लागते, तेही पाहू. ताण आला की मेंदूतून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं. त्याच्या साखळीतून पुढे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि थोडी पुरुषी संप्रेरकंही जास्त येतात. त्वचेतल्या तेलग्रंथी सीआरएचला थेट प्रतिसाद देतात. शिवाय मज्जातंतूंच्या टोकांतून 'सबस्टन्स पी' नावाचं रसायन बाहेर पडतं, त्याने दाह वाढतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 22 विद्यार्थ्यांना परीक्षा नसताना आणि परीक्षेच्या काळात तपासलं होतं. ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांची मुरुमंही जास्त वाढली. हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2007 मध्ये सिंगापूरच्या 94 शाळकरी मुलांच्या अभ्यासातही ताण आणि मुरुमांचा संबंध दिसला. पण चेहऱ्यावरच्या तेलाचं मोजमाप केलं, तर त्यात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणून 'तेल वाढलंय' असं समजून दिवसातून सहा वेळा फेसवॉश लावण्यात अर्थ नाही. त्याने त्वचा कोरडी पडते, चुरचुरते आणि औषध सोसत नाही.

आता तुझ्या आईच्या सल्ल्याबद्दल. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हटल्याने कोणाचंही टेन्शन जात नाही, आणि नुसतं टेन्शन कमी झालं म्हणून बुजलेली छिद्रं मोकळी होत नाहीत. औषध लागेलच, आणि ते आत्ता सुरू करायला हवं. मुरुमांच्या औषधांचा धड परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. मे महिन्यासाठी उपचार जानेवारी-फेब्रुवारीत सुरू झालेले बरे. एप्रिलच्या शेवटी नवं क्रीम उघडलंस, तर ऐन परीक्षेत चेहरा लाल आणि सोललेला असेल.

तुझ्यासारख्या सौम्य ते मध्यम मुरुमांसाठी बहुधा दोन औषधं दिली जातात. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड. 2.5 टक्क्यांचं जेल 5 किंवा 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्याने जळजळ त्यांच्यापेक्षा कमी होते, त्यामुळे जास्त टक्क्यांच्या मागे लागू नकोस. रंगीत टॉवेल, उशीचा अभ्रा, ओढणी यांचा रंग ते उडवतं, म्हणून पांढरा टॉवेल वेगळा ठेव. रात्री अडॅपलीन 0.1 टक्का जेल, पण डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. चेहरा धुऊन पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ दे. वाटाण्याएवढं जेल बोटावर घे, कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके दे आणि पातळ पसरव. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोड. पहिले दोन आठवडे एक रात्र आड. जळजळ होत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल.

इथे हमखास दोन चुका होतात. एक म्हणजे जेल फक्त दिसणाऱ्या मुरुमावर टिपायचं. पुढच्या महिन्यातली मुरुमं आजूबाजूच्या स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत दडलेली असतात, म्हणून ते पूर्ण भागावर लावायचं. दुसरी म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा सोलली, मुरुमं थोडी वाढल्यासारखी वाटली की 'मला सूट होत नाही' म्हणून सोडून द्यायचं. बहुतेक वेळा तेवढा काळ ढकलला की त्वचा जुळवून घेते. सकाळी एसपीएफ 30 चं जेल-सनस्क्रीन लावलंस तर मागे राहणारे काळपट डागही कमी होतील.

होस्टेलवर रात्री दोनपर्यंत जागून चहा-बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स चालू असतील, तर तिकडेही बघ. साखर आणि मैदा रक्तातली साखर झपकन वाढवतात, इन्सुलिन वाढतं आणि तेलग्रंथींना चालना मिळते. रात्री भूक लागली तर फुटाणे, शेंगदाणे, उकडलेलं अंडं जवळ ठेव. सहा तासांच्या खाली झोप गेली की मुरुमांआधी तुझी पाठांतराची ताकद जाईल, त्यामुळे हा हिशोब तसाही फायद्याचाच आहे. झोपण्याआधी पाच मिनिटं चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर असं कर. याने मुरुमं जात नाहीत. पण झोप लवकर लागते आणि हात चेहऱ्याकडे कमी जातो. हाताबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे, तेही वाच.

प्रश्न : मी 28 वर्षांची आहे, पुण्यात आयटीत काम करते. मुरुमं मोजकीच असतात, पण डेडलाइन आली की लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या मी ती खरवडते, दाबते. आरशासमोर कधी अर्धा तास जातो, कळतही नाही. आता मुरुमांपेक्षा डाग आणि खपल्याच जास्त आहेत.

उत्तर : ताणातून होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच, आणि डॉक्टरांकडे लोक हे सांगायला लाजतात. मुरुम दाबलं की त्यातला थोडा पू बाहेर येतो आणि बराचसा त्वचेच्या आत फुटतो. दाह खोल जातो. चार-पाच दिवसांत बसलं असतं ते तीन आठवडे राहतं आणि जाताना डाग किंवा खड्डा ठेवतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत असा डाग जायला कित्येक महिने लागतात.

'आजपासून हात लावणार नाही' ही शपथ टिकत नाही, कारण हात नकळत जातो. म्हणून आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवा : किती वाजले होते, कुठे होतात, आधी काय झालं होतं, आणि हात बोटांनी चाचपत गेला की आरशात बघून गेला. बहुतेकींच्या नोंदींत दोन-तीनच ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात. बाथरूमचा आरसा, कॉलवर बोलताना टेबलावर टेकवलेलं कोपर, रात्री अंथरुणात मोबाइल. मग त्या त्या ठिकाणी अडथळा घाला. मोठं करून दाखवणारा आरसा घरातून काढा. बाथरूममधला आरशावरचा दिवा मंद करा. नखं मुळाशी कापा. कॉलच्या वेळी हातात काहीतरी धरा. हात वर जातोय असं लक्षात आलं की मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरा आणि मग सोडा. हात दुसऱ्या कामात गुंतला की ती ओढ बहुधा ओसरते. सवय मोडण्याच्या उपचारातला हा नेहमीचा भाग आहे आणि सुरुवातीला बावळटपणा वाटला तरी तो चालतो.

पांढरं तोंड आलेल्या मुरुमावर हायड्रोकोलॉइड पॅच लावा. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन पिंपल पॅच म्हणून मिळतो. कोरड्या त्वचेवर, खाली कुठलंही क्रीम न लावता, रात्रभर ठेवायचा. तो स्राव शोषतो, पण त्याचा खरा उपयोग म्हणजे बोटांना खाली काही लागत नाही. खोल, दुखऱ्या गाठीवर पॅचचा फायदा नाही. तिथे रुमालात गुंडाळलेला बर्फ दोन-तीन मिनिटं ठेवा. चार दिवसांवर लग्न वगैरे असेल तर त्वचारोगतज्ज्ञ अशा गाठीत अगदी सौम्य स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, ती एक-दोन दिवसांत बसते. प्रमाण जास्त झालं तर तिथे खळगा पडतो, म्हणून हे अनुभवी हातांकडूनच करून घ्यायचं.

मात्र, खरवडण्यात आणि चेहऱ्याच्या विचारात रोज तास-तास जात असेल, बाहेर जाणं टाळावंसं वाटत असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. हा स्वतंत्र आजार असतो आणि त्याला उपचार आहेत. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतो, वय 25. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या बारीक पुटकुळ्या आहेत, घाम आला की खाज सुटते. डॉक्टरांनी मुरुमं म्हणून दीड महिना डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, उलट वाढल्या. अभ्यासाच्या टेन्शनमुळे असेल का? डोकं शांत राहावं म्हणून रोज तेल लावतो.

उत्तर : खाज, एकसारखा आकार आणि अँटिबायोटिकने वाढ, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ही मुरुमं नसून केसांच्या मुळांतली बुरशी असण्याची शक्यता जास्त. मॅलासेझिया नावाची ही बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि तेलावर जगते. अँटिबायोटिकने जिवाणू घटतात, बुरशीला मोकळं रान मिळतं. त्यात डोक्याचं तेल कपाळावर ओघळतं. टेन्शनचा वाटा इथे किरकोळ.

ब्लॅकहेड आहेत का ते बघा. मुरुमांत ते असतात, बुरशीत नसतात. डॉक्टर पुटकुळीतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्री करू शकतात. बुरशीच असेल तर सहसा किटोकोनॅझोल 2 टक्के शाम्पू अंगाला साबणासारखा लावून पाच मिनिटांनी धुवायला सांगतात. पसरलेलं असेल तर गोळ्या देतात. तेल लावायचंच असेल तर अंघोळीच्या तासभर आधी लावा आणि शाम्पूने पूर्ण काढा, रात्रभर ठेवू नका. घामाचा टी-शर्ट अभ्यासिकेत दिवसभर अंगावर ठेवू नका. हा त्रास उलटतो, त्यामुळे बरं वाटल्यावरही आठवड्यातून एकदा शाम्पू चालू ठेवावा लागतो.

प्रश्न : वय 32, बँकेत नोकरी. बदली झाल्यापासून जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर दुखरी मुरुमं येतात, पाळीच्या आधी जास्त. पाळीही आता चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येते. सगळे म्हणतात कामाचा ताण आहे. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे.

उत्तर : ताणाने पाळी मागेपुढे होते हे खरं, पण 'ताण आहे' एवढ्यावर इथे थांबू नका. पाळी सतत 35 दिवसांपेक्षा लांबत असेल, त्यात जबड्यावर मुरुमं, हनुवटीवर राठ केस, डोक्यावरचे केस विरळ होणं किंवा पोटावर वजन वाढणं यातलं काही असेल, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करा. स्त्रीरोगतज्ज्ञ टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, रक्तातली साखर आणि सोनोग्राफी सांगतील. तुम्ही हॉर्मोनच्या गोळ्या घेत असाल तर आधी तसं सांगा, त्यांनी रिपोर्ट बदलतात.

बाळाचा विचार आहे हे त्वचेच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण त्यावर सगळा उपचार ठरतो. आयसोट्रेटिनॉइन या मुरुमांवरच्या गोळीने गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. ते चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळायचीच. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारी गोळी), डॉक्सिसायक्लिन आणि रात्री लावायची अडॅपलीनसारखी रेटिनॉइड जेल गरोदरपणाच्या आधी थांबवतात. अझेलेइक ॲसिड हे लावायचं औषध, 10 ते 20 टक्क्यांचं, गरोदरपणातही वापरता येतं आणि डागांवरही काम करतं. सुरुवातीला थोडं चुणचुणतं, तेवढं सोसावं लागतं.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. बोर्डाच्या टेन्शनने मुरुमं आली म्हणून मेडिकलमधून एक क्रीम आणलं. आठवड्यात चेहरा स्वच्छ, गोरा झाला. आता दोन महिने झाले, क्रीम बंद केलं की पूर्वीपेक्षा दुप्पट उठतात आणि चेहरा लाल होतो. नाशिकहून एक आई.

उत्तर : क्रीम आजच डॉक्टरांना दाखवा. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबीटासोल, मोमेटासोन यातलं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. अशी क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी काउंटरवर सर्रास मिळतात. स्टेरॉइड दाह दाबतं म्हणून आठवडाभर जादू दिसते. नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि स्टेरॉइडचीच मुरुमं उठतात. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा भडकतो आणि घाबरून पुन्हा तेच क्रीम लावलं जातं, त्यातून सुटका होत नाही ती अशी. कसं सोडवायचं, अचानक की सौम्य स्टेरॉइडवर आणून हळूहळू, हे डॉक्टर ठरवतील. तोवर सौम्य क्लीन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही. बोर्डाचे पेपर संपेपर्यंत चेहरा पूर्ववत होईल असं मुलाला सांगू नका. होणार नाही, आणि मग तो तुमच्या पुढच्या सल्ल्यावरही विश्वास ठेवणार नाही.

थोडक्यात विचारलेलं : टूथपेस्ट लावू नका, त्वचा भाजते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे उठतात. बेसन-हळद चालेल, पण खसखसून घासू नका. जिम सुरू केल्यावर मुरुमं वाढली असतील तर व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर) सहा आठवडे बंद करून बघा. बी-12 ची इंजेक्शनं चालू झाल्यावर एकदम उठली असतील तर ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना सांगा, पण मनाने बंद करू नका.