कागद आला की आला

तुझा रात्री दोनचा मेसेज सकाळी वाचला आणि चहा गार झाला. हेगला पीस पॅलेसमध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयात, इंटर्नशिप मिळतेय आणि बाईसाहेबांना प्रश्न पडलाय की घेऊ का नको, कारण मैत्रिणी म्हणाल्या जज्जांकडे नाही का मिळालं, रजिस्ट्री म्हणजे नुसती कारकुनी. अगं, चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे विचारतेस?

रागावलो नाहीये. म्हणजे थोडा रागावलोय.

तू हुशार आहेस वगैरे मी लिहिणार नाही, ते तुझी आई सांगतेच. मी दोन दिवस त्या कोर्टाचे रूल्स मोबाईलवर वाचत बसलोय, काकू विचारते तुम्हालाच बोलावलंय का तिकडे. नियम २६ बघ. रजिस्ट्रारच्या कामांची यादी आहे आणि पहिलंच काम काय, तर कोर्टाकडे येणारा आणि कोर्टातून जाणारा कागद त्याच्यामार्फत, आणि तो कधी निघाला कधी पोचला हे लगेच पडताळता आलं पाहिजे. म्हणजे आवक-जावक! पंधरा जज्ज, देश देशांवर केस करतायत, तिथला सगळ्यात मोठा प्रशासकीय अधिकारी, ज्याला जज्ज लोक गुप्त मतदानाने सात वर्षांसाठी निवडतात, आणि त्याचं एक नंबरचं काम आवक-जावक. बजेट, भाषांतरं, स्टाफ, हे सगळंही त्याच्याकडेच, पण ते नंतर. त्याच्याखालीच लिहिलंय की केसला नंबर द्यायचा तो कागद रजिस्ट्रीत ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने. देश मोठा की छोटा हे बघून नाही. कागद आला की आला.

पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांची केस आठवते ना, तेव्हा तू शाळेत असशील. ८ मे २०१७ ला भारताचा अर्ज तिथे दाखल झाला, १६८ नंबर पडला. १५ तारखेला सुनावणी, १८ ला कोर्टाचा आदेश, फाशी थांबवा. दहा दिवस! आपल्याकडे दहा दिवसांत नोटीस बजावून होत नाही. टीव्हीवर सगळे भारताचे वकील हरीश साळवेसाहेबांच्या एक रुपया फीबद्दल बोलत होते, नागपूरचा माणूस म्हणून मलाही छाती फुगवावीशी वाटली, पण मी घरात बसून हाच विचार करत होतो की तो अर्ज हातात कुणी घेतला, शिक्का कुणी मारला, पाकिस्तानला प्रत कुणी धाडली, आठवड्यात इंग्रजी-फ्रेंच दुभाष्यांसकट हॉल कुणी उभा केला. ते कुणी टीव्हीवर दाखवत नाही. २०१९ च्या जुलैमध्ये निकाल लागला तेव्हाही नाही. आणि त्या कोर्टाच्या निकालावर सह्या दोघांच्या असतात बघ, अध्यक्षांची आणि रजिस्ट्रारची. बाकी जज्जांची पण नाही.

आता माझं ऐक, हे मी तुझ्या वडलांनाही सांगितलेलं नाही. नोकरीची चार-पाच वर्षं झाली होती, तालुक्याच्या कोर्टात खिडकीवर होतो. रोज सकाळी आल्या आल्या तारखेच्या शिक्क्याची चाकं नखाने फिरवायची, जांभळ्या शाईच्या पॅडवर दाबायचा, रद्दी कागदावर एकदा मारून बघायचा. एक म्हातारा आला, जमिनीचं अपील, मुदतीचा शेवटचा दिवस, एसटी बंद पडली म्हणून घामाघूम. पाचला वीस मिनिटं होती. माझे वरचे म्हणाले आता रजिस्टर लिहून झालंय, उद्या घे. मी उद्या घेतला. शिक्का उद्याचा पडला. पुढे विलंबमाफीचा अर्ज, त्याच्यावर तारखा, तारखांवर तारखा, आणि तो मंजूर व्हायच्या आत म्हातारा गेला. कागद आला होता गं. त्या खिडकीत, माझ्या हातात आला होता. मी तो आला नाही असं लिहिलं.

त्यानंतर मी हट्टी झालो. एका बड्या वकिलाला मागच्या तारखेचा शिक्का हवा होता, नाही दिला, तीन महिन्यांत बदली झाली, पोराचं दहावीचं वर्ष होतं. घरात अबोला. प्रमोशन गेलं ते गेलंच. लोक म्हणाले एका शिक्क्यापायी एवढं कशाला, आणि खरं सांगू, कधीकधी मलाही वाटतं की त्या म्हाताऱ्याचं देणं मी पोराच्या खिशातून फेडलं. पण चूक केली असं नाही वाटत. नाहीच वाटत. पोराला जे वाटायचं ते वाटू दे.

ही माझी रडकथा नाही, मुद्दा परत तोच. त्या कोर्टात मुदतीत आलं की नाही हे ठरतं ते कागद रजिस्ट्रीत पोचला त्या तारखेवरून. तिथे कुणी राजदूत गोड हसून म्हणेल की एक दिवस इकडेतिकडे, काय बिघडतं. त्या वेळेला खिडकीवरचा माणूस काय करतो त्याच्यावर तुमचा सगळा इंटरनॅशनल लॉ उभा आहे. जज्ज नंतर येतात.

आणि रजिस्ट्रीतून पुढे जज्ज होईन या हिशोबाने जाणार असलीस तर नको जाऊस, सीट अडवू नको. या कोर्टाच्या आधी हेगलाच जे जुनं आंतरराष्ट्रीय कोर्ट होतं, त्याचा पहिला रजिस्ट्रार ओके हामरशोल्ड, १९२२ पासून चौदा वर्षं रजिस्ट्रार, मग १९३६ ला जज्ज झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. (यातून काही शिकायचं नाहीये, असंच आठवलं.) तिथे जज्जांचं खलबत बंद दाराआड चालतं, आणि रजिस्ट्रार आत बसलेला असतो. सगळं ऐकतो, मत नाही, बाहेर ब्र नाही. तुला ते जमेल का हा प्रश्न मैत्रिणींना नको विचारू, स्वतःला विचार. तुला बोलायची खाज आहे, लहानपणापासून बघतोय.

शुक्रवारपर्यंत त्यांना कळवायचंय म्हणतेस ना, मग शुक्रवारी रात्री बारा वाजायची वाट कशाला बघतेस, गुरुवारी कळव, आणि पोच माग.

आणि गेलीस की एक काम कर माझं. त्यांचा तो रिसीव्हडचा शिक्का, तारीख अजून हाताने फिरवतात का मशीनवर आपोआप पडते, तेवढं बघून कळव. फोटो काढू देणार नाहीत, काढू पण नको.