आईला कुडाळला न्यायचंय : नुसत्या दिव्यांग डब्याच्या भरवशावर जाऊ नका

ताई, तुमची पोस्ट सकाळीच वाचली पण ऑफिसमधून टाइप करायला जमलं नाही. आई 74 वर्षांची, खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेत, वॉकर धरून चालते, डोंबिवलीहून कुडाळला न्यायची, भाऊ म्हणतोय कार करू पण हायवेचे धक्के नकोत, आणि तुमचा विचार आहे की दिवा-सावंतवाडी पॅसेंजरला दिव्यांगांचा डबा असतो तर त्यातूनच नेऊ. बरोबर ना? आमच्या बाबांच्या वेळी मी शब्दशः हाच विचार केला होता म्हणून एवढं लांबण लावतोय. औषधं, उशी, जेवणाचा डबा वगैरे तुम्हाला कळतंच, त्यात जात नाही. बसायचं किती, झोपायचं किती, ते डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही आणि रेल्वेतही नाही, नुसता वर्षानुवर्षं कोकण रेल्वेच्या या लाईनवर अप-डाऊन करणारा माणूस आहे.

पहिली गोष्ट, त्या डब्यात बसायला दिव्यांगाचा दाखला किंवा रेल्वेचं कार्ड लागतं. ऑपरेशन झालंय, वॉकर आहे, फाइल दाखवते, असं चालेलच असं नाही. कुणी हाकलणार नाही बहुतेक, आपल्याकडे माणुसकी आहे अजून, पण टीसीने दंड मागितला तर वाद घालायला तुमच्याकडे कागद नसेल. बाबांना अर्धांगवायू झालेला, डावी बाजू गेलेली, कार्ड रीतसर काढलेलं, त्यामुळे आमचा प्रश्न तो नव्हताच. आमचा प्रश्न फलाटाचा होता.

आता हे जरा नीट वाचा कारण तिकीट काढताना हे कोणी सांगत नाही. दिव्यांगांचा डबा म्हणजे वेगळा अख्खा डबा नसतो, गार्डची केबिन, सामानाची खोली आणि दिव्यांगांची जागा असं मिळून एकच डबा केलेला असतो. गार्ड गाडीच्या टोकालाच असणार, म्हणून हा डबाही टोकालाच. आतून डबा चांगला आहे हो, दार रुंद, संडास मोठा, धरायला दांडे, ज्याने डिझाइन केलं त्याने आत विचार केलाय. पण गाडी मोठी आणि फलाट लहान असला की फलाटाबाहेर सगळ्यात आधी काय जाणार? टोकं. एलएचबीचा (हल्लीच्या नव्या बनावटीचा) एक डबा जवळपास 24 मीटर, बावीस डब्यांची गाडी म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या वर जाते. कोकणातल्या लहान स्टेशनांवर लूप लाईन (गाडी बाजूला उभी करायची लाईन) गाडीला पुरते पण फलाट पुरत नाही. म्हणजे ज्याला दोन पायऱ्या चढवत नाहीत त्याचाच डबा नेमका खडीवर उभा. डबा छान, जागा चुकीची. गार्डच्या डब्यातच कोंबायचं हे ठरलं तेव्हा सोय बघितली ती गाडी जोडणाऱ्यांची, उतारूंची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, कोणाला पटो न पटो.

उंचीचा हिशोबही सांगतो. डब्याची फरशी रुळापासून साधारण 1.3 मीटरवर असते. उंच फलाट 760 ते 840 मिलिमीटर, म्हणजे चांगल्या फलाटावरसुद्धा अर्ध्या मीटरची चढण राहतेच. मधल्या उंचीचा फलाट 455 चा, तिथे ती 85 सेंटिमीटरच्या आसपास जाते. आणि फलाट नसेल तर सव्वा मीटर आणि खाली खडीचा उतार, त्यात शेवटची पायरी हवेत लोंबते. कुडाळला परिस्थिती आमच्या स्टेशनपेक्षा कितीतरी बरी आहे, घाबरवत नाहीये, पण तिथेही गाडी कुठल्या लाईनला येते त्यावर बरंच काही आहे.

लाईनचं असं की रोहा ते वीर दुहेरी झालं 2021 मध्ये, बाकी खाली सगळी एकेरी. समोरून गाडी आली की कोणीतरी बाजूला व्हायचं आणि बाजूला व्हायचं ते नेहमी पॅसेंजरने. तुतारी जाऊ दे, जनशताब्दी जाऊ दे, वंदे भारत जाऊ दे, गणपतीत तर स्पेशल वर स्पेशल, आपली पॅसेंजर आपली क्रॉसिंगला उभी. बाजूला घेतात म्हणजे कधी एक नंबरचा फलाट सोडून पलीकडच्या लाईनला घेतात. म्हणून पॅसेंजर आज एक नंबरवर आली म्हणून उद्या तिथेच येईल असं धरून चालू नका.

बाबांना न्यायच्या आधी मी हे सगळं माहीत असल्यामुळे शहाणपणा करून आधीच विचारायला गेलो. एका ऑफिसात. नाव घेत नाही, कुठल्या रेल्वेचं तेही नाही, उगाच इथे भांडण नको. मागणं अगदी साधं होतं, त्या दिवशी आमच्या स्टेशनवर गाडी एक नंबरला घ्या, आणि ते जमत नसेल तर डबा फलाटाला लागेल अशा बेताने गाडी थांबवता येते का सांगा. साहेब म्हणाले गाडी कुठल्या लाईनला घ्यायची ते कंट्रोल, म्हणजे गाड्यांची ये-जा सांभाळणारं ऑफिस, ठरवतं. कंट्रोलला कसं कळवायचं? ते आमच्याकडून नाही, स्टेशनवरून. स्टेशनवर गेलो तर मास्तर बिचारे चांगले होते, म्हणाले माझ्या हातात असतं तर केलं असतं, तुम्ही वरून लिहून आणा. पुन्हा वर. वर म्हणतात रेक (डब्यांची अख्खी जोडणी) आमचा नाही. ज्यांचा रेक त्यांना फोन केला तर ते म्हणतात फलाट आमचा नाही! मी म्हटलं मग बाबा तरी कोणाचे आहेत. शेवटी अर्ज घेतला, आवकचा शिक्का मारला, पोच दिली, आणि खिडकीतल्या बाईंनी सांगितलं "होऊन जाईल हो, काळजी करू नका". त्या एका वाक्यावर मी विसंबलो ते. अर्ज नसता घेतला तर निदान दुसरी काही सोय केली असती, घेतला म्हणून स्वस्थ बसलो. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात.

गाडी आली ती पलीकडच्या लाईनला. समोरून सुपरफास्ट येत होती. आमचा डबा फलाट संपून पुढे, खाली खडी, बाजूला पावसाने माजलेलं गवत. व्हीलचेअर होती ना स्टेशनवर, एक नंबरच्या खांबाला साखळीने बांधलेली, किल्ली ऑफिसात. बाबा दारात दांडा धरून उभे, उजव्या हाताची बोटं पांढरी पडलेली. आणि मग काम केलं ते अशा माणसांनी ज्यांचं ते काम नव्हतंच. गार्ड शेजारच्याच केबिनमध्ये, त्यांनी बघितलं, वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला थांब म्हणून सांगितलं आणि लाल झेंडी हातात घेऊन स्वतः खाली उतरले. नारिंगी जाकिटातले दोन ट्रॅकमन, रूळ सांभाळणारे, क्रॉसिंगसाठी बाजूला उभे होते ते आले, चहाच्या टपरीवरची प्लास्टिकची खुर्ची कोणीतरी आणली. एक ट्रॅकमन म्हणाला, "काकानू, तुमी नुसते बसान रवा, आमी धरतव." खुर्चीचे मागचे दोन पाय एकाने, पुढचे दुसऱ्याने, मी पाठीमागून, असं बाबांना खडीवरून फलाटाच्या उतारापर्यंत नेलं. बाबा पूर्ण वेळ गप्प होते. घरी गेल्यावर म्हणाले, मयतासारखं नेलंत मला. तो शब्द मला अजून टोचतो.

त्या अर्जाचं उत्तर आलं नंतर टपालाने. "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे." बास.

असो. मुद्द्यावर येतो. त्या गार्डमुळे मला एक गोष्ट कळली जी कुठल्या ऑफिसने सांगितली नाही. दिव्यांग डब्यातून गेलातच तर गाडी सुटायच्या आधी शेजारच्या केबिनमधल्या गार्डना भेटा, (आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण गावाकडे अजून गार्डच) आणि सांगा की अमुक स्टेशनला पेशंट उतरणार आहे, वेळ लागेल. गाडीला हिरवा दाखवणारा माणूस तोच. अर्ज, पोच, शिक्का यापेक्षा हे दोन मिनिटांचं बोलणं कामाला येतं. दिव्याला गाडी आधी लागलेली असते त्यामुळे वेळ मिळतो. एक बारीक गोष्ट, परतताना इंजिन बदलतं पण रेक वळवत नाहीत, म्हणजे जाताना जो डबा पुढे होता तो येताना मागे. कुडाळला कुठे उभं राहायचं ते त्यावर ठरवा.

पण खरं सांगू का, तुमच्या आईसाठी मी पॅसेंजर सुचवणार नाही. सकाळी निघून दिवस जातो आणि प्रत्येक क्रॉसिंगला बसून राहायचं, खुब्याला ते बरं नाही. मांडवी किंवा कोकणकन्या बघा, दोन्ही कुडाळला थांबतात, थ्री टायर एसीत खालचा बर्थ घ्या, आडवं होता येतं. खालच्या बर्थसाठी एक युक्ती, युक्ती कसली नियमच आहे, पण बुकिंग करताना लोक चुकतात. 45 वर्षांवरच्या बायकांना आणि 60 वरच्या पुरुषांना लोअर बर्थचा कोटा आहे, पण तो एकट्याचं किंवा दोघा ज्येष्ठांचंच तिकीट असेल तरच. तुम्ही 45 च्या आतल्या असाल आणि तुमचं नाव त्याच तिकिटात घातलंत की कोटा गेला. तसं असेल तर आईचं वेगळं काढा, तुमचं वेगळं. ज्येष्ठांची सवलत 2020 च्या मार्चपासून बंद आहे, त्यामुळे भाडं पूर्ण लागेल, त्यावर चिडून उपयोग नाही, मी चिडून झालोय. आणि आता 60 दिवसच आधी बुकिंग सुरू होतं, पूर्वीसारखं 120 नाही, कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

कोणीतरी खाली वंदे भारत सुचवलंय. पायरीच्या दृष्टीने ती सगळ्यात चांगली हे मान्य, दार उघडलं की पायरी बाहेर येते आणि फलाटाशी फट भरते, हेच डिझाइन पॅसेंजरला का नाही असा माझा जुना प्रश्न आहे. पण ती कुडाळला थांबत नाही, कणकवलीला थांबते, पुढे रिक्षा-कार बघावी लागेल. शिवाय सगळा प्रवास बसून, आणि पावसाळ्यात आठवड्यातून तीनच दिवस धावते. डॉक्टर बसायला हो म्हणाले तर विचार करा.

आणि ते "मेमू आली की सगळं सुटेल" वाले. बाबांनो, मेमू म्हणजे लोकलसारखी, वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी, मीही तिच्या बाजूचाच आहे. 2022 मध्ये अख्ख्या मार्गाचं विद्युतीकरण झालं, मग दर आठ-दहा किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीला इंजिन लावून डबे ओढायचे कशाला, मेमू पटकन वेग घेते, दोन्ही टोकांना केबिन, इंजिन फिरवायची कटकट नाही, एकेरी लाईन लवकर मोकळी होते. चिपळूण-रत्नागिरी, रत्नागिरी-सावंतवाडी असे तुकडे करून मेमू द्या, कॉलेजची पोरं, कोर्टाची कामं, हॉस्पिटलवाले सगळ्यांचं भलं होईल. पण दिव्याहून सावंतवाडीपर्यंत दिवसभर त्या सीटवर बसवू नका कोणाला. आणि मेमूची फरशीही उंचच असते, दार रुंद झालं म्हणून खडी वर येत नाही. मुंबईत लोकलसाठी फलाट 900 मिलिमीटरपर्यंत उचलले ना, मग आमच्याकडे निदान 840 चा आणि पूर्ण लांबीचा फलाट मागा आधी. निवेदनं देणाऱ्या प्रवासी संघटनांना माझं हेच सांगणं असतं, थांबे मागता तशी फलाटाची लांबी मागा. थांबा मिळाला की पेपरात फोटो येतो, फलाट वाढला तर येत नाही, म्हणून कोणी मागत नाही. हे कडू वाटेल, वाटू दे.

ताई तुमच्यासाठी थोडक्यात उरलेलं. डोंबिवलीहून ठाणे जवळ आहे पण तिथे गाडी थांबते थोडाच वेळ. शक्य असेल तर सरळ सीएसएमटीला कारने जा, गाडी आधीच लागलेली असते, घाई नाही, व्हीलचेअर मागता येते. उतरताना कुडाळला माणूस ठेवा, घरचा, धट्टाकट्टा, आणि त्याला तुमचा डबा नंबर आधी कळवा. स्टेशन मास्तरांना आदल्या दिवशी माणूस पाठवून तोंडी सांगून ठेवा आणि व्हीलचेअरची किल्ली कोणाकडे असते ते त्या माणसाला विचारून घ्यायला सांगा, हसू नका, हे खरंच विचारा. 139 या रेल्वेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, प्रवासात रेल मदद अ‍ॅपवर टाकलेल्या संडास-पाण्याच्या तक्रारीला माझ्या अनुभवात दाद मिळते, फलाट बदलून मिळेल अशी अपेक्षा मात्र नको. आईला कमोडच लागणार, बर्थ शक्यतो कमोडच्या बाजूचा मिळतो का बघा, चढल्या चढल्या आधी जाऊन कुठल्या टोकाला आहे ते बघून या.

पावसाळी वेळापत्रक लागलं की वेळा बदलतात आणि गाड्या हळू चालवतात, त्या दिवसांतलं तिकीट असेल तर पोचायची वेळ पुन्हा तपासा. तिकीट झालं की गाडी आणि डबा नंबर टाका, कुडाळला रोज उतरणारे दोघंतिघं आहेत इथे, तो डबा फलाटावर साधारण कुठे लागतो ते अचूक सांगतील.