अर्जेंटिनात बसचं तिकीट स्वस्त मागितलं म्हणून शाळकरी पोरांना गायब केलं, हे खरंय का?

अर्धं खरं आहे. ला प्लाता शहरात १६ सप्टेंबर १९७६ च्या रात्री आणि आसपासच्या दिवसांत लष्करी राजवटीने दहा पोरापोरींना उचललं, त्यातले चार जिवंत सुटले, बाकी सहा जणांचा आजतागायत पत्ता नाही. तिकडे याला 'पेन्सिलींची रात्र' म्हणतात. पण तिकिटाचं आंदोलन १९७५ चं, लष्कराने सत्ता घ्यायच्या आधीचं, आणि ती सवलत पोरांनी मिळवलीही होती. सुटलेल्यांपैकी एमिल्से मोलेर कायम सांगत आल्यात की आम्हाला तिकिटासाठी नाही, राजकारणात होतो म्हणून नेलं.

यावरून माझं आमच्या काकांशी जुनं वाजलेलं आहे. कॉलेजात असताना पासच्या मोर्चातून आम्हाला पोलिसांनी उचललं, संध्याकाळपर्यंत चौकीत बाकावर बसवून ठेवलं, काका सोडवायला आले आणि स्कूटर चालू करता करता म्हणाले, "काहीतरी केलं असशील, उगाच कोण उचलतं?" पुढे वाचलं तर अर्जेंटिनात शेजारीपाजारी गायब झालेल्यांबद्दल हेच वाक्य बोलायचे. दिवाळीला सगळे जमलेले असताना मी काकांना ही गोष्ट सांगितली तर ते हळहळले, म्हणे ती लेकरं बिचारी तिकीट मागत होती, त्यांचं वेगळं. मी म्हटलं, काका, त्यातली बहुतेक विद्यार्थी संघटनेत होती, डाव्या पेरोनवाद्यांची, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष पेरोनला मानणाऱ्या डाव्यांची संघटना. की लगेच, "मग बरोबर, संघटनेत होती ना!"

म्हणून मला ती निव्वळ तिकिटाची गोष्ट आवडत नाही. पोरं निष्पाप होती म्हणून वाईट वाटायचं, आणि राजकारण करणारी निघाली की डोळे बांधून छळछावणीत टाकलेलं चालतं? गुन्हा असेल तर कलम लावा, कोर्टात उभं करा. इथे आईबाप ठाण्यांचे उंबरे झिजवत होते आणि असं कुणी आमच्याकडे नाहीच म्हणून परत पाठवले जात होते. त्या चौघांतला पाब्लो दियास सुटला म्हणून तर १९८५ च्या खटल्यात लष्करशहांच्या विरोधात साक्ष देऊ शकला.

तुमच्याही घरी कुणी काका असतील तर आधी विचारा, कुठलं कलम, कुठलं कोर्ट? आणि हो, देशभरात गायब झालेल्यांच्या एकूण आकड्यावरून ते अडवतील. १९८४ च्या सरकारी चौकशी आयोगाकडे ८,९६० जणांची नोंद होती, यादी अपुरी आहे हे आयोगानेच लिहिलंय, मानवाधिकार संघटना ३०,००० सांगतात. आमचे काका अजून पहिल्याच आकड्यावर अडून आहेत, जसं काही तेवढे चालतात.