फ्रान्समधलं ओबिन्यी गाव स्कॉटिश स्ट्युअर्ट घराण्याकडे किती काळ होतं?

1423 ते 1672, जवळपास अडीचशे वर्षं. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांविरुद्ध स्कॉटिश फौज आणल्याबद्दल राजा सातव्या चार्ल्सने दार्नलीच्या सर जॉन स्ट्युअर्टला ही जहागीर दिली. अशी वतनं तलवारीच्या जोरावर मिळत आणि तशीच पटकन जातही. दुसरा स्कॉटिश सरदार, अर्ल ऑफ डग्लस, एप्रिल 1424 मध्ये फ्रान्समधल्या तूरेन प्रांताचा ड्यूक झाला आणि ऑगस्टमध्ये व्हेर्नॉयच्या लढाईत पडला. ओबिन्यी टिकलं, हाच अपवाद.

मात्र ते सरळ बापाकडून मुलाकडे गेलेलं नाही. मधे ते दूरच्या भाऊबंदांकडेही गेलं. 1672 मध्ये याच घराण्यातला जहागीरदार, लेनॉक्सचा ड्यूक, निपुत्रिक वारला, तेव्हा जहागीर फ्रेंच राजाकडे परतली. गावातल्या स्ट्युअर्टांच्या वाड्यात आता नगरपालिका आहे.