वाचक विचारतात : बगरुतचा (इस्रायलमधल्या बोर्डाच्या परीक्षेचा) पेपर, हिब्रू आणि नवीन आलेली पोरं

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्याहून इस्रायलमध्ये अश्दोदला येऊन दीड वर्ष झालं. मुलगी आता योद-आलेफमध्ये म्हणजे अकरावीत आहे, तिकडे नववीपर्यंत मराठी मीडियम. घरी धडा विचारला की सगळं घडाघडा सांगते पण इतिहासाच्या मोठ्या परीक्षेत 42 आले. मेखानेखेत (वर्गशिक्षिका) म्हणते हिला जादा वेळ मिळवून द्या, शाळेतली योएत्सेत (समुपदेशक) म्हणते त्यासाठी आधी इवखून (तपासणी) करून आणा, बाहेर चौकशी केली तर त्याचे हजारो शेकेल सांगतात. आणि हे म्हणतात की असलं काही घेतलं तर सर्टिफिकेटवर डाग लागेल, पोरगी मंद आहे असं लोक म्हणतील. काय करावं कळेना.
– एक आई, अश्दोद

उत्तर : आधी पैसे पर्समध्येच ठेवा. तुमची दोन वेगळ्या खिडक्यांची गल्लत झालीये, आणि तुमची एकटीची नाही, माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत हीच गल्लत मी शाळेतल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही करताना बघितली आहे.

एक खिडकी आहे हतामोतची, म्हणजे परीक्षेतल्या सवलतींची. ज्या मुलांना शिकण्यात काही अडचण आहे, अक्षरं उलटसुलट दिसतात, लक्ष टिकत नाही, त्यांच्यासाठी. तिथे इवखून म्हणजे तज्ज्ञाकडून तपासणीचा रिपोर्ट लागतो, मग कमिटी बसते आणि ठरवते की जादा वेळ द्यायचा, पेपर वाचून दाखवायचा की उत्तरं सांगून लिहवून घ्यायची. दुसरी खिडकी ओलिमची, म्हणजे बाहेरून नवीन आलेल्यांची. तिथे कुणी तुमच्या मुलीचं डोकं तपासत नाही, तिथे बघतात ती तेउदात ओलेवरची (नवीन आलेल्याच्या सरकारी दाखल्यावरची) तारीख आणि ती इथल्या शाळेत कितवीत बसली ते. बस. त्या तारखेवरून तिला जादा वेळ, दुभाषी डिक्शनरी, हिब्रूचा ओलिमसाठी असलेला वेगळा पेपर, काही विषयांत सोपी केलेली किंवा भाषांतरित प्रश्नपत्रिका, यातलं काय काय लागू होतं ते ठरतं. तुमची पोरगी या दुसऱ्या खिडकीत उभी राहायला हवी आणि तिला पहिल्या रांगेत ढकलतायत.

यजमानांचं म्हणणं मला समजतं हो. आपल्याकडे दहावीला दर तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात ती दिव्यांग मुलांना, त्यामुळे जादा वेळ म्हटलं की आपल्या डोक्यात तेच येतं. पण दुसरी गोष्टही आठवून बघा म्हणावं, आपल्या त्याच बोर्डात पेपर मराठीत निघतो, उर्दूत, गुजरातीत, कन्नडमध्येही निघतो, ते कुणाला डाग वाटतं का? भाषेची सोय ही भाषेची सोय असते. आणि जादा वेळ घेतला असं सर्टिफिकेटवर कुठे छापत नाहीत.

आता करायचं काय, तर योएत्सेतशी वाद घालत बसू नका. शाळेत दोन माणसं असतात, रकेझेत ओलिम म्हणजे ओलिम मुलांचं बघणारी बाई आणि बगरुतच्या परीक्षांचं बघणारी रकेझेत, कधीकधी दोन्ही कामं एकाच बाईच्या गळ्यात असतात, तिला गाठा. तेउदात ओलेची झेरॉक्स द्या आणि विचारा की शिक्षण खात्याच्या होझेर मनकालप्रमाणे माझ्या मुलीला कुठल्या विषयात काय मिळतं ते मला कागदावर द्या. होझेर मनकाल म्हणजे खात्याचं परिपत्रक, हा शब्द नुसता उच्चारला तरी समोरची व्यक्ती खुर्चीत जरा सरळ बसते, माझा अनुभव आहे. आणि हे परीक्षेच्या महिन्यात नाही, नावं वर पाठवायच्या आधी झालं पाहिजे, कारण हॉलमध्ये देखरेखीला उभी असलेली मशगिखा तिच्या यादीत जे आहे तेवढंच देते, तिथे रडून उपयोग नसतो. मी ज्या शाळेत होते तिथे एका वर्षी दोन बहिणींची नावं पाठवायची राहून गेली, थोरलीने पूर्ण येणारा पेपर अर्धा टाकून दिला. चूक शाळेची होती पण पुन्हा परीक्षेला बसायला लागलं ते पोरीला.

मात्र एक सांगते, नुसता वेळ वाढवून 42 चे 55 होणार नाहीत (इथे पास व्हायला 55 लागतात, आपले 35 विसरा). तिचा तपासलेला पेपर मागून घ्या आणि प्रश्नांचे पहिले शब्द बघा. त्सायेन म्हणजे नुसतं नाव सांग, एक ओळ पुरे. ताएर म्हणजे वर्णन कर. हस्बेर म्हणजे समजावून सांग, आणि नामेक म्हणजे कारण देऊन सिद्ध कर. पोरं काय करतात, धडा पाठ असतो त्यामुळे ओळखीचं नाव दिसलं की जे येतं ते सगळं ओततात, त्सायेनला पानभर लिहितात आणि नामेकला दोन ओळी. मास्तरला वाटतं हिला प्रश्नच कळला नाही, आणि तसं खरंच झालेलं असतं. हे आठ-दहा शब्द आहेत सगळे मिळून, हश्वे म्हणजे तुलना, हदगेम म्हणजे उदाहरण दे, फ्रिजवर चिकटवा. माझी पैज आहे की 42 मधली बरीच गळती तिथेच सापडेल.

आणि डिक्शनरी आतापासून हातात द्या, मोबाइल नाही, कागदाची. मराठी मीडियमच्या मुलीला हिब्रू-इंग्लिश डिक्शनरी म्हणजे दोन उड्या, माहितेय मला, मराठीत पेपर काही मिळत नाही, तेव्हा त्या दोन उड्यांची सवय करणं आलं. आपले प्रत्यय मागे लागतात, युद्ध, युद्धात, युद्धाला. यांचे पुढे लागतात. मिल्खामा म्हणजे युद्ध आणि 'आणि युद्धात' म्हणायचं तर उवामिल्खामा, सगळं एकाच शब्दात. पोरगी डिक्शनरीत वाव या अक्षरावर शोधत बसते आणि शब्द असतो मेमवर. पुढची दोन अक्षरं सोलून मग शोधायचं हे एकदा हाताला बसलं की डिक्शनरी कामाची, नाहीतर मिळालेला जादा वेळ सगळा पानं उलटण्यात जातो.

प्रश्न : नातू मुंबईहून दोन वर्षांपूर्वी आला, इंग्लिश मीडियमचा, गणितात पहिल्यापासून हुशार. इथे त्याला पाच येखिदोतच्या (सगळ्यात वरच्या पातळीच्या) वर्गातून काढून तीनच्या वर्गात टाकतायत, म्हणे भाषेमुळे मागे पडतो. सून म्हणते जाऊ दे, पास तर होईल. मला झोप नाही.
– एक आजी, दिमोना

उत्तर : आजी, तुमचं बरोबर आहे आणि सुनेला हे वाचून दाखवा. तीन येखिदोत गणितात बगरुत मिळते, खोटं नाही, पण पुढे इंजिनीअरिंग किंवा कॉम्प्युटरला जायचं म्हटलं की युनिव्हर्सिटी पाच येखिदोतला वर बोनस देते, आणि एकदा तीनवर उतरलेला मुलगा परत पाचवर चढलेला मी फार कमी वेळा पाहिला.

तुमच्या नातवाला इंग्लिश येतं ही त्याची कमाई आहे, ती वापरा. गणिताचा पेपर नवीन ओलिमना इंग्लिश भाषांतरातही मिळू शकतो पण तो मागावा लागतो, आपण होऊन कुणी ताटात वाढत नाही. शाळेला विचारा की त्याचे मार्क कुठे जातात ते दाखवा. बहुतेक वेळा समीकरणं बरोबर असतात, जातात ते गोष्टीवाल्या गणितात, दोन सायकलस्वार हैफाहून निघाले वगैरे, नाहीतर भूमितीत, कारण तिथे प्रत्येक पायरीला कुठलं प्रमेय वापरलं ते शब्दांत लिहावं लागतं आणि हा पोरगा नुसती पायरी लिहून पुढे जातो. ती प्रमेयं हिब्रूत पाठ करणं हे एका उन्हाळ्याचं काम आहे हो, त्यासाठी वर्ग बदलायची गरज नाही. बाकी बारीकसारीक आहे, वाक्य उजवीकडून वाचायचं आणि त्याच्याच मधलं समीकरण डावीकडून, भागाकाराला दोन टिंबं, याची सवय सहा महिन्यांत होते. दफ नुस्खाओत म्हणजे सूत्रांचा छापील कागद परीक्षेत मिळतोच, तो घरी अभ्यासालाही तोच वापरू द्या.

इंग्लिशही पाच येखिदोतच घ्यायला लावा, त्यात त्याला फुकटचे मार्क आहेत. आणि तुम्ही झोपा आता.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. मला जादा वेळ मंजूर झालाय पण मला तो नको आहे. वेगळ्या खोलीत बसवतात, मित्र म्हणतात तुमची ऐश आहे, हे चीटिंगच आहे. मी तीन वर्षं इथे आहे, हिब्रू चांगलं बोलतो, फुटबॉल टीममध्येही आहे. घरी सांगितलं तर आई ओरडते.
– लोदचा एक मुलगा

उत्तर : अरे राजा, बोलतोस चांगलं हे मान्य. पण फुटबॉलच्या मैदानावर तुला कुणी नागरिकशास्त्राचा उतारा वाचायला देत नाही.

हे करून बघ. सामेख, पे, रेश ही तीन अक्षरं कागदावर लिही, निकूद म्हणजे स्वरांच्या खुणा न देता, जशी परीक्षेत येतात तशी. सेफेर वाचलं तर पुस्तक, सपार वाचलं तर न्हावी, सफार वाचलं तर त्याने मोजलं. तुझा इथे जन्मलेला मित्र वाक्य बघतो आणि त्याचा डोळा आपोआप बरोबर शब्द उचलतो, तो काय वाचतोय हे त्याला कळतही नाही. तू लहानपणी प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी लिहिलेली वाचून मोठा झालास, त्यामुळे तू थांबतोस, दोन शब्द पुढे जातोस, परत मागे येतोस. मीही पनवेलहून पंधराव्या वर्षी आले होते, अजून सरकारी पत्र आलं की दोनदा वाचते. हे मागे येणं आहे ना, त्याचाच तो वेळ आहे. त्यात तुला कुणी उत्तर सांगत नाही, प्रश्न सोपा होत नाही. चीटिंग कुठून आलं?

आणि ऐश म्हणणाऱ्या मित्रांपैकी कितीजण स्वतः हतामोत घेऊन बसतात ते एकदा मोज. इथलेच, सात पिढ्यांचे. माझ्या वेळी वर्गातली बरीच पोरं घ्यायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही, लाजायची ती फक्त आपली आणि इथिओपियाची मुलं.

वेगळ्या खोलीचं मात्र तुझं खरं आहे, सगळे हॉलमध्ये आणि आपण कोपऱ्यातल्या खोलीत, वाईट वाटतंच. पण तुझा पेपर तपासणारा माणूस तुला ओळखत नाही, तू कुठल्या खोलीत बसलास, गोल किती मारलेस, त्याला नुसती वही दिसते. वेळ मंजूर आहे म्हणून शेवटपर्यंत बसायलाच पाहिजे असंही नाही, झालं लिहून तर ऊठ आणि जा. फक्त नाकारून टाकू नकोस. सुरुवातीची दहा मिनिटं काही लिहू नको, सगळे प्रश्न वाच आणि प्रत्येकातलं नामेक, हस्बेर जे असेल त्याखाली रेघ मार, मग पेन उचल.

आईला मी सांगते ओरडू नको म्हणून, तिने मागच्या महिन्यात मला वेगळं पत्र पाठवलंय.