कथा-कादंबरीतलं वर्णन परिणामकारक कशामुळे होतं?

माझ्या मते वर्णन कोणाच्या नजरेतून चाललंय हे आधी ठरवा, बाकी बरंचसं आपोआप येतं. म्हणजे असं बघा, एखाद्या खोलीत चोर शिरला तर त्याला खिडकीची कडी, कपाटाचं कुलूप, करकरणारं दार एवढंच दिसेल आणि त्याच खोलीत नुकताच नवरा गेलेली बाई बसली असेल तर तिला खुंटीवरचा शर्ट दिसेल, भिंतीचा रंग दोघांच्याही लक्षात येणार नाही, मग लेखकाने तो का सांगत बसायचा? नवीन लिहिणारे नेमकं हेच करतात, टेबल, खुर्ची, पडदे अशी यादी देतात आणि वाचक सरळ पुढच्या संवादावर उडी मारतो (मी तर मारतोच).

विशेषणं कमी करा. 'सुंदर', 'भयाण', 'विलक्षण' यातून डोळ्यासमोर काहीच येत नाही, तो नुसता लेखकाचा निकाल झाला. रशियन कथाकार चेखव्हने १८८६ मध्ये भावाला पत्रात सांगितलं होतं की चांदणी रात्र दाखवायची तर गिरणीच्या बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच चमकताना दाखव. बस, एवढ्यात रात्र उभी राहते. वास, आवाज, स्पर्श पण वापरा, फक्त दर वाक्यात पाचही इंद्रियं कोंबू नका, होमवर्क केल्यासारखं वाटतं ते.

आणि पाठलाग चालू असताना ढगांवर परिच्छेद नको प्लीज, तिथे क्रियापदांवरच भागवा, 'कसाबसा चालत गेला' ऐवजी 'पाय ओढत गेला'. निवांत वर्णन प्रसंगाच्या आधी टाका किंवा सगळं शांत झाल्यावर.