अलास्कात सॅमनच्या सेटनेट (किनाऱ्याला बांधून लावलेल्या जाळ्यांच्या) हंगामात कामगाराचा दिवस कसा जातो? झोप मिळते का?

दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो आणि ऐन हंगामात झोप तुकड्यातुकड्यांनीच मिळते. हे अलास्कातल्या ब्रिस्टल बे या उपसागराबद्दल सांगतोय, जिथे सॉकाय जातीच्या सॅमनचा जोर 4 जुलैच्या आसपास असतो. जाळी कधी लावायची आणि कधी काढायची हे राज्याचं मत्स्य खातं ठरवतं. अंडी घालायला नदीत पुरेसे मासे चढले का, ते मोजून घोषणा होते. ठरलेली वेळ रात्री 2 ची असली तरी उठायचं. (कोकणातल्या डोल जाळ्यांची उधाणाची गडबड पाहिली असेल तर अंदाज येईल.) किनाऱ्यापासून पाण्यात आत बांधलेलं साधारण 91 मीटरचं जाळं उघड्या होडीत ओढून घ्यायचं, कल्ल्यांत फास बसलेला एकेक मासा सोडवायचा, बर्फात टाकायचा, खरेदीदाराच्या बोटीवर पोचवायचा. खरी कसोटी ओझ्याची नाही, बोटांची आहे. ती सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. मासेमारी बंद असली की फाटलेलं जाळं आणि इंजिन दुरुस्ती. पैसे बहुधा पकडीच्या टक्केवारीवर, त्यामुळे मासा नाही तर कमाईही नाही. मात्र अलास्कातल्याच कोडियाक बेटावर हंगाम सप्टेंबरपर्यंत लांबतो, तिथे ही घाई इतकी एकवटलेली नसते.